मदत मंजूर, पैसे केव्हा? महाराष्ट्रातील उच्चशिक्षणाच्या अर्थसाहाय्याचा आढावा

महाराष्ट्रात कॉलेजात शिकायला सरकारी मदत मिळत नाही, असे आज कुणी म्हटले तर ते खरे ठरणार नाही. योजना भरपूर आहेत. सामाजिक न्याय, आदिवासी विकास, इतर मागास बहुजन कल्याण, उच्चशिक्षण, तंत्रशिक्षण, अल्पसंख्याक विकास अशा निरनिराळ्या विभागांच्या योजना महाडीबीटी या एकाच पोर्टलवर ओळीने मांडलेल्या आहेत. त्यांच्या जोडीला केंद्राच्या शिष्यवृत्त्या, बँकांची शैक्षणिक कर्जे आणि ट्रस्टांची मदत. तरीही प्रवेशाच्या हंगामात तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही सेतू केंद्रासमोर उभे राहिले की मदतीपेक्षा धावपळच जास्त दिसते.

या विषयावर आपल्याकडे चर्चा होते ती मुख्यतः मदत कोणाला मिळावी याची. जातीला की उत्पन्नाला, अडीच लाखांना की आठ लाखांना, मुलींना पूर्ण की सगळ्यांना अर्धी. हे वाद महत्त्वाचे आहेत आणि पुढे त्यांचा परामर्श घेतलाच आहे. पण सगळ्या बाजू एकत्र ठेवून पाहिल्या की आणखी एक प्रश्न वर येतो. मदत मंजूर होणे आणि पैसे हातात पडणे यांच्या मधल्या काळाचा भार विद्यार्थ्याने सोसायचा, कॉलेजने की सरकारने? एरवी वेगळ्या वाटणाऱ्या बऱ्याच तक्रारी याच एका प्रश्नापाशी येऊन मिळतात.

इथपर्यंत कसे आलो

गरीब विद्यार्थ्याला समाजाने पोसायचे, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. वार लावून जेवणारी आणि माधुकरी मागून शिकणारी मुले पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या होती. मात्र हा आधार बहुतेक ठरावीक जातींपुरताच होता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात शिष्यवृत्त्यांचाही विचार केला आहे. केवळ स्पर्धेवर दिलेल्या शिष्यवृत्त्या वरवर न्याय्य दिसल्या तरी शिक्षण इतर वर्गांपर्यंत पोचवत नाहीत, असा त्यांचा मुद्दा होता. गुणवत्ता की गरज, या आजही मिटलेल्या नसलेल्या वादाची ही इथली पहिली नीट मांडणी म्हणता येईल.

त्यानंतर पुढाकार घेतला तो संस्थानिकांनी आणि संस्थाचालकांनी. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी निधी उभा केला. त्यातून मिळणारी मदत दान म्हणून नव्हे, तर परतफेडीच्या बोलीवर होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातीधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहे सुरू करवली. फी माफ केली तरी शहरात राहायचे कुठे आणि खायचे काय, हे त्यांनी नेमके ओळखले होते. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीही परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने 'कमवा आणि शिका' हा आणखी एक मार्ग रुजवला. दान, कर्ज, सेवेचा करार आणि श्रम हे मदतीचे चारही नमुने स्वातंत्र्याआधीच आपल्याकडे वापरून झाले होते.

आजच्या सरकारी मदतीची सुरुवात १९४४ ची. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असलेल्या डॉ. आंबेडकरांच्या आग्रहाने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली आणि ती आजवर चालू आहे. दुसरा टप्पा १९५९ चा. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी फीमाफी आली. उत्पन्नाची अट आधी वर्षाला ९०० आणि नंतर १२०० रुपये होती. 'ईबीसी सवलत' या नावाने ती घराघरात पोचली. जातीऐवजी उत्पन्नाचा निकष लावणारी ही मोठी योजना होती, आणि उत्पन्नाचा दाखला नावाचा कागद शिक्षणाच्या वाटेवर कायमचा येऊन बसला तोही तेव्हापासून.

खरी उलथापालथ १९८३ नंतरची. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी दिली. सरकारी कॉलेजातली फी शेकड्यांत होती. इथे ती आधी हजारांत आणि पुढे लाखांत गेली. टी. एम. ए. पै खटल्याचा २००२ चा निकाल आणि त्यामागून आलेले निकाल यांमुळे खासगी संस्थांना फी ठरवण्याची मुभा मिळाली, पण नफेखोरीवर अंकुशही राहिला. त्यातून आधी शिक्षण शुल्क समिती आणि २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आले. फी संस्थेने सुचवायची, प्राधिकरणाने मंजूर करायची आणि पात्र विद्यार्थ्यांच्या फीचा काही वाटा सरकारने भरायचा, अशी घडी बसली. म्हणजे शिष्यवृत्तीचे मूळ रूप, विद्यार्थ्याच्या हातात खर्चाला पैसे देणे, मागे पडले आणि फीची प्रतिपूर्ती हाच मदतीचा मुख्य अर्थ झाला.

आजची घडी

सगळ्या योजनांची यादी इथे द्यायची गरज नाही. मुख्य कप्पे मात्र ध्यानात घ्यायला हवेत. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये. त्यावर उत्पन्न गेले तर राज्याची फ्रीशिप, म्हणजे फीमाफी, मिळते. इतर मागास प्रवर्गाच्या मुलांना नॉन-क्रिमिलेअरच्या, म्हणजे उन्नत गटात न मोडण्याच्या, दाखल्याच्या आधारे व्यावसायिक अभ्यासक्रमांची निम्मी फी परत मिळते. खुल्या प्रवर्गातल्या आठ लाखांच्या आतल्या कुटुंबांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना, तीही निम्म्या फीची. मराठा क्रांती मोर्चांच्या काळात, २०१६ मध्ये, या सवलतीची उत्पन्नमर्यादा एक लाखावरून सहा लाखांवर नेली गेली आणि नंतर आठ लाखांवर.

सर्वांत मोठा अलीकडचा बदल जुलै २०२४ चा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी निम्म्याऐवजी पूर्ण माफ झाली. त्यासाठी वर्षाला सुमारे ९०६ कोटींचा जादा भार सरकारने गृहीत धरला. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून, झालेला हवा. मॅनेजमेंट कोटा आणि संस्था पातळीवरचे प्रवेश यातून वगळलेले आहेत, तशीच अभिमत आणि खासगी विद्यापीठेही.

राहण्याखाण्यासाठी वेगळ्या योजना आहेत. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. इतर महापालिका क्षेत्रांत ५१,००० आणि इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३,०००. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् आणि ओबीसींसाठी आधार या योजना त्याच धर्तीच्या, तर शेतकरी-मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा निर्वाह भत्ता आहे.

अर्जाचा प्रवास

धोरणाच्या कागदावर 'पात्र विद्यार्थी' एका शब्दात येतो. प्रत्यक्षात त्याला आपली पात्रता कागद जोडून सिद्ध करावी लागते. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा, त्याआधी तलाठ्याचा अहवाल. जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमिलेअर, डोमिसाइल, रेशनकार्ड, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, कॅपचे अलॉटमेंट लेटर, फीची पावती, मधे वर्ष गेले असेल तर गॅपचे प्रतिज्ञापत्र, वसतिगृहात राहत असेल तर तिथला दाखला. शाहू महाराज योजनेचा लाभ एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांना मिळत असल्याने त्याचे हमीपत्र वेगळे.

हे सगळे स्कॅन करून चढवले की अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला जातो, तिथून प्राचार्यांच्या, मग जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या कार्यालयात. कुठल्याही टेबलावर त्रुटी निघाली की तो सेंट बॅक होतो. त्याचा मेसेज येतो तो फॉर्म भरताना दिलेल्या मोबाइलवर, आणि तो नंबर पुष्कळदा सेतू केंद्रवाल्याचा, मामाचा किंवा बंद पडलेल्या सिमचा असतो. त्रुटी बहुधा क्षुल्लक असते. गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, आधारवर शेवटी. वडिलांचे नाव एकीकडे 'बाळू' तर दुसरीकडे 'बाळासाहेब'. आईच्या नावाचे स्पेलिंग दोन कागदांवर दोन तऱ्हांचे.

अर्ज मंजूर झाला तरी काम संपत नाही. विद्यार्थ्याने पोर्टलवर परत जाऊन व्हाउचर रिडीम करायचे असते. ते राहिले तर पैसे अडकतात, आणि दुसऱ्या वर्षाच्या गडबडीत असलेल्या मुलाला पहिल्या वर्षाचे व्हाउचर आठवतेच असे नाही. शेवटी पैसे जातात ते आधारशी जोडलेल्या खात्यात. फॉर्ममध्ये कोणता खाते क्रमांक लिहिला याला तिथे अर्थ नसतो, आधार सर्वांत शेवटी ज्या खात्याला जोडले गेले तिथे रक्कम पडते. नवे सिम घेताना अंगठा लावून उघडल्या गेलेल्या पेमेंट्स बँकेच्या खात्यात शिष्यवृत्ती जाऊन पडली आहे आणि त्या खात्याचा मुलाला पत्ताच नाही, असे घडते. बँकेत विचारले तर बँक कॉलेजकडे पाठवते, कॉलेज समाजकल्याणकडे.

या प्रवासाचे समर्थनही आहे आणि ते हलके नाही. पैसे पूर्वी कॉलेजच्या खात्यात जात. बोगस विद्यार्थी दाखवून, एकाच मुलाची नावे दोन ठिकाणी लावून शिष्यवृत्ती लाटल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की राज्याला विशेष तपास पथक नेमावे लागले. थेट लाभ हस्तांतर आणि आधार पडताळणी हे त्यावरचे उत्तर होते. महाडीबीटीचे पहिले वर्ष, २०१७-१८, इतके अडखळत गेले की अर्ज ऑफलाइन घ्यावे लागले. पुढच्या वर्षांत पोर्टल पुष्कळ सुधारले, हे मान्य करायला हवे. एकाच अर्जाची स्थिती घरबसल्या पाहता येणे ही पूर्वीच्या 'साहेब सुट्टीवर आहेत' या उत्तरापेक्षा नक्कीच बरी गोष्ट आहे.

अर्ज भरणे हाच अडथळा ठरतो का, याचा चांगला पुरावा अमेरिकेतून मिळतो. तिथे मदतीसाठी फाफ्सा नावाचा एकच सामाईक अर्ज असतो. ओहायो आणि नॉर्थ कॅरोलायना राज्यांत संशोधकांनी २००८ मध्ये कर-विवरणपत्रे भरून देणाऱ्या एका कंपनीच्या कार्यालयांत प्रयोग केला. काही कुटुंबांना नुसती माहिती दिली, काहींचा अर्ज तिथेच भरून दिला. माहिती मिळालेल्यांमध्ये फरक पडला नाही. अर्ज भरून मिळालेल्या घरांतल्या बारावीच्या मुलांचे कॉलेजात जाण्याचे प्रमाण मात्र सुमारे ८ टक्क्यांच्या फरकाने वाढले. पुढे तिथल्या सरकारने शंभराहून अधिक प्रश्नांचा तो फॉर्म पन्नासच्या आत आणला आणि उत्पन्नाची माहिती करखात्याकडून थेट घ्यायचे ठरवले. पण नवा फॉर्म डिसेंबर २०२३ अखेर, नेहमीपेक्षा उशिरा आणि तांत्रिक दोषांसह आला, आणि त्या वर्षी कॉलेजांची मदतपत्रे लांबली. महाडीबीटीचे पहिले वर्ष पाहिलेल्यांना यात नवल वाटू नये.

पात्र कोण: तीन मर्यादांचा गुंता

पात्रतेच्या वादात सर्वांत ठसठशीत तक्रार अडीच लाखांच्या मर्यादेबद्दल आहे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची ही मर्यादा २०१३ पासून तीच आहे. महिन्याला एकवीस हजार रुपये कमावणारा सुरक्षारक्षक किंवा सफाई कामगार तिच्याबाहेर जातो. दुसरीकडे आर्थिक दुर्बल आणि इतर प्रवर्गांना आठ लाखांची मर्यादा आहे, मग एकाच वर्गात बसणाऱ्या दोन मुलांच्या गरिबीला दोन मापे का, असा सवाल दलित संघटना विचारतात. संसदीय समित्यांनीही मर्यादा वाढवण्याची शिफारस केली आहे.

उलट बाजू अशी: निधी ठरलेला आहे, मर्यादा वाढवली की तोच पैसा जास्त जणांत वाटला जाईल आणि सर्वांत गरीब मुलाच्या वाट्याला कमी येईल. शिवाय राज्याच्या फ्रीशिपमुळे अडीच लाखांवरच्यांची फी माफ होतेच, त्यांचा फक्त निर्वाह भत्ता जातो. युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण भत्त्याची रक्कम पाहिली की तो उलटाही फिरवता येतो. केंद्राच्या दराने अभियांत्रिकी-वैद्यकीयच्या वसतिगृहवासी मुलाला वर्षाला १३,५०० आणि अकरावी-बारावीत घरून येजा करणाऱ्याला २,५०० रुपये मिळतात. वर्षाचे अडीच हजार महिन्यांत विभागले तर एसटीचा पासही पुष्कळ गावांहून निघत नाही. मर्यादा वाढवली तर निर्वाहाचा वाटा किती जणांत विभागला जाईल, यापेक्षा तो मुळात एवढा लहान का, हा प्रश्न मला जास्त गंभीर वाटतो.

दुसरा गुंता आठ लाखांचाच. नॉन-क्रिमिलेअरचे आठ लाख आणि ईबीसीचे, म्हणजे शाहू महाराज योजनेचे, आठ लाख एक नाहीत. क्रिमिलेअर ठरवताना पगाराचे आणि शेतीचे उत्पन्न धरले जात नाही आणि तीन वर्षांचा विचार होतो. ईबीसीसाठी आई-वडिलांचे सर्व मार्गांचे वार्षिक उत्पन्न मोजले जाते. त्यामुळे एकाच शाळेतल्या दोन शिक्षकांपैकी एकाचा मुलगा मर्यादेत बसतो, दुसऱ्याचा बसत नाही. नोकरदार म्हणतात, आमचा फॉर्म १६ लपत नाही, व्यापाऱ्याचा आणि बागायतदाराचा दाखला मात्र तलाठ्याच्या अंदाजावर निघतो. शेतकरी संघटना म्हणतात, शेतीचे उत्पन्न एका वर्षी असते, दुसऱ्या वर्षी गारपिटीत जाते, त्याला वार्षिक आकडा कसला लावता? दोघांचेही खरे आहे. उत्पन्न मोजण्याची यंत्रणाच आपल्याकडे कच्ची असल्याने वाद मर्यादेवर होतो, मोजणीवर होत नाही.

मुलींच्या फीमाफीवर आक्षेप कमी आले, पण आले. एकाच घरातल्या बहिणीची फी पूर्ण माफ आणि भावाची निम्मी, हे कसे? यावर समर्थकांचे उत्तर साधे आहे: पैसे कमी पडले की आधी मुलीचे शिक्षण थांबते, हे गावागावात दिसते. परिणामांचा निवाडा करायला दोन-तीन वर्षांचे प्रवेश पुरणार नाहीत.

पैसे कोणाच्या हाती

डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची रचना बदलली. पूर्वीच्या 'बांधील दायित्वा'च्या सूत्रामुळे राज्यांवर जड बोजा पडत होता आणि थकबाकी साचत होती. नव्या सूत्राने केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के झाला. पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटींची तरतूद जाहीर झाली, त्यांत केंद्राचे ३५,५३४ कोटी. राज्याने आपला वाटा आधी द्यायचा, मग केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येणार. कॉलेजची फी विद्यार्थ्याने सात दिवसांत भरायची.

या एका बदलाने तीन पक्ष आमनेसामने आले. विद्यार्थी संघटनांच्या मते थेट खात्यात पैसे येणे ही अधिकाराची गोष्ट आहे, मुलगा आता कॉलेजचा मिंधा नाही. संस्थाचालकांचे म्हणणे, प्रतिपूर्ती कॉलेजला मिळायची तेव्हा उशीर झाला तरी हिशेब एका ठिकाणी होता. आता पैसे मुलाच्या खात्यात पडतात, तो घरच्या बियाण्याला किंवा दवाखान्याला वापरतो आणि फी बुडते. शिक्षकांचे पगार मात्र थांबवता येत नाहीत. सरकारची भूमिका अशी की, केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत फ्रीशिप कार्डाची सोय आहे आणि त्यावर फी आधी न घेता प्रवेश द्यायचाच आहे. जी संस्था अडवेल तिच्यावर कारवाई होईल.

कार्ड कागदावर चांगले आहे. पण विनाअनुदानित कॉलेजचे महिन्याचे गणित फीवर चालते आणि प्रतिपूर्ती वर्ष उलटल्यावर येते, तेव्हा दबाव कुठे तरी निघतोच. तो निघतो तो हॉल तिकीट, गुणपत्रिका आणि टीसी अडवून. असे करू नये म्हणून परिपत्रके निघतात, तक्रारीही निघत राहतात. काही कॉलेजे मुलाकडून आधी पूर्ण फी घेतात आणि 'शिष्यवृत्ती आली की परत देऊ' म्हणतात. ज्याच्याकडे आधी भरायला पैसे नाहीत त्याच्यासाठीच योजना होती, हे त्या वाक्यात हरवून जाते. बाप मग पतसंस्थेतून किंवा सोने गहाण ठेवून रक्कम उभी करतो, आणि त्याचे व्याज कुठल्याच प्रतिपूर्तीत बसत नाही.

फी की पोट

तिसरा वाद अधिक मूलगामी आहे. फी प्रतिपूर्तीत सरकारचा मोठा पैसा खासगी संस्थांकडे जातो. हाच पैसा सरकारी कॉलेजे, वसतिगृहे आणि रिक्त प्राध्यापकपदे यांवर खर्च केला तर फी मुळातच कमी राहील, असे डाव्या आणि काही आंबेडकरी विचारांच्या अभ्यासकांचे म्हणणे असते. दुसरी बाजू म्हणते, सरकारी जागा उभ्या राहायला दशके लागतात. खासगी कॉलेजात शिकून नोकरीला लागलेली पहिली पिढी प्रतिपूर्तीनेच घडवली आहे.

या वादात एक मोठा गट बाजूला पडतो: बीए, बीकॉम, बीएस्सी करणारे. त्यांची फी मुळात कमी, म्हणून फीमाफीने त्यांचे फारसे हलत नाही. त्यांचा खर्च खोलीभाड्याचा आणि मेसचा. स्वाधारसारख्या योजना इथे उपयोगी पडतात, पण त्यांचा हप्ताही मुलाने वर्षभर खोली करून राहिल्यावर येतो. पुण्यातल्या विद्यार्थी सहायक समितीसारख्या संस्था १९५५ पासून राहण्याजेवणाचीच सोय करत आल्या आहेत, आणि तिथे मुलाला आधी छप्पर मिळते, हिशेब नंतर. त्यांची क्षमता अर्थातच मर्यादित आहे.

आणखी एक कप्पा वाढतो आहे तो खासगी विद्यापीठांचा. राज्याच्या बहुतेक फी योजना त्यांना लागू नाहीत. नामांकित कॉलेजे स्वतःच विद्यापीठ झाली की तिथल्या गरीब मुलाची सवलत संपते. या सरकण्याकडे म्हणावे तसे लक्ष गेलेले नाही.

कर्जाची बाजू

मदत मिळाली नाही किंवा अपुरी पडली की उरते कर्ज. बँक संघटनेच्या नमुना योजनेनुसार चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, आणि हमी निधीमुळे साडेसात लाखांपर्यंत ते मागू नये अशी अपेक्षा आहे. साडेचार लाखांच्या आतल्या घरांना शिक्षणकाळ आणि पुढचे एक वर्ष व्याज माफ करणारी केंद्राची योजना २००९ पासून आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम-विद्यालक्ष्मी आली. आठ लाखांपर्यंतच्या घरांना दहा लाखांच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत, वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांना. पण ती राष्ट्रीय क्रमवारीच्या आधारे निवडलेल्या, सुरुवातीला ८६०, संस्थांपुरती आहे. समर्थकांना हा गुणवत्तेचा निकष वाटतो. टीकाकारांना दिसते की ज्या जिल्ह्याच्या कॉलेजात गरीब मुले जास्त शिकतात ते यादीत नाही.

शाखेच्या पातळीवर मॅनेजर थकित कर्जांकडे बोट दाखवतो आणि वडिलांचा सिबिल, म्हणजे पतगुणांक, मागतो. पीककर्ज थकलेल्या शेतकऱ्याचा सिबिल काय असणार? केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये केवळ सिबिल कमी म्हणून शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही असे म्हटले, पण शाखेपर्यंत ते किती पोचले हा भाग निराळा. शेजारच्या गोव्यात शिक्षण विकास महामंडळाचे बिनव्याजी कर्ज मिळते. छोट्या राज्याला ते जमते, महाराष्ट्राच्या आकाराला जमेल का यावर मतभेद आहेत. ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून कमाई ठरावीक मर्यादेवर गेल्यावरच करातून वसुली करण्याची पद्धत ठेवली आहे. आपल्याकडे बहुसंख्य रोजगार असंघटित आणि कराच्या बाहेर असल्याने ती जशीच्या तशी आणता येणार नाही, एवढ्यावर दोन्ही बाजूंचे एकमत दिसते.

काय सुटलेले नाही

दाखल्यांचा प्रश्न तंत्राने सुटण्यासारखा आहे. जात, रहिवास, कॅपचा प्रवेश, बारावीचे गुण ही माहिती सरकारच्याच निरनिराळ्या विभागांकडे आहे. ती एकमेकांना जोडून मुलाला फक्त 'होय' म्हणायला लावणे अवघड नाही, आणि पोर्टल हळूहळू त्या दिशेने चालले आहे. शेती आणि असंघटित मजुरीचे उत्पन्न मात्र कुठल्याही संगणकात नाही. तिथे तलाठ्याचा अंदाज राहणार, आणि त्याच्यासोबत त्याचे गुणदोषही.

अडीच लाख आणि आठ लाख यांची फेररचना राजकीय निर्णयाची वाट पाहते आहे. ती करताना महागाईशी आपोआप जोडलेली मर्यादा ठेवायची की दर काही वर्षांनी आंदोलन होऊ द्यायचे, हेही ठरायचे आहे.

वेळेचा प्रश्न सर्वांत अवघड. उत्पन्नाचा दाखला किती दिवसांत द्यायचा याला २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदत घातली, उशीर केला तर अधिकाऱ्याला दंडाची तरतूद केली. तशीच मुदत मंजूर शिष्यवृत्ती खात्यात पडण्यालाही घालता येईल का? अर्थखात्याचा आक्षेप सहज कल्पिता येतो: राज्याचा हप्ता पुरवणी मागण्यांवर अवलंबून, केंद्राचा वाटा राज्याच्या वाट्यानंतर, मग दंड नेमका कोणाला करायचा? आक्षेप खोटा नाही. पण विद्यार्थ्याला फी भरायला सात दिवस देणारी व्यवस्था स्वतःला किती दिवस देते, हा आकडा आज कोणत्याही शासन निर्णयाच्या पहिल्या पानावर ठळक छापलेला सापडत नाही.